फोटो दाखवता येत नाहीत, तेव्हा

आमच्या भाचीचा निकाह ठरला तेव्हा हॉल मिळाला, आचारी मिळाला, मेहंदीवालीही मिळाली. अडले ते फोटोग्राफरपाशी. अम्मींची एकच अट होती: बायकांच्या बाजूला बाईच फोटो काढेल.

आम्ही महालात राहणारे. लग्नाचा बस्ता बांधायला शहरभरातून लोक आमच्याकडे येतात, आणि आम्ही मात्र मोबाइल घेऊन फोटोग्राफर शोधत बसलेलो. नावे पुष्कळ होती, पाच-पाच तारेही पुष्कळ. पण ‘बेस्ट सर्व्हिस’ आणि ‘खूप छान काम’ यावरून काय समजायचे?

घाबरण्याला कारण होते. दोन वर्षांपूर्वी घरातल्याच एका वलीम्याचा अल्बम आठ महिन्यांनी हाती आला. त्याहून वाईट म्हणजे घरातल्या बायकांचे फोटो न विचारता स्टुडिओच्या जाहिरातीत लागले. फोनवर फोन केल्यावर ते निघाले. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो, हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच आहे. आम्हाला ते नंतर कळले. तेव्हा आम्ही ‘जाऊ द्या’ म्हणून गप्प बसलो. पुढच्या हिवाळ्यात गल्लीतल्याच एका घराने तोच स्टुडिओ ठरवला आणि त्यांच्यावरही तीच वेळ आली. त्या घरच्या आपांनी विचारले, “तुम्हाला माहीत होते, मग सांगितले का नाही?”

या वेळी एका अभिप्रायावर नजर थांबली. तारे चारच होते. लिहिले होते की, ही मुलगी स्वतः आली, मदतनीसही मुलगीच होती, जेवणाच्या वेळी कॅमेरा बंद ठेवला, फोटो घरच्यांशिवाय कुणाला दिले नाहीत. अल्बम मात्र दहा दिवस उशिरा आला. अम्मींनी ते दोनदा वाचून घेतले आणि म्हणाल्या, “हिलाच बोलवा.”

काम चोख झाले. निघताना ती म्हणाली, “खाला, दोन ओळी लिहाल का? माझे चांगले काम मला कुणाला दाखवताच येत नाही.”

हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. दुसरा फोटोग्राफर आपल्या उत्तम फोटोंचा नमुना पुढे ठेवतो. हिने बायकांचे फोटो जपायचा शब्द दिलेला, मग नमुना कुठून आणणार? गिऱ्हाइकांचे शब्द हेच तिचे दुकान. राजा दीनदयाळ हे निजामांचे दरबारी छायाचित्रकार. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. तिथले फोटोही काचेत मांडण्याजोगे नव्हतेच. पण दीनदयाळांच्या पाठीशी निजामांचे नाव होते, १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाची सनदही मिळाली. आमच्या या मुलीला सनद कोण देणार?

आम्ही ‘इन्शाअल्लाह’ म्हटले आणि तीन महिने विसरलो. (हा शब्द आपण किती स्वस्त केला आहे!) खोटे अभिप्राय विकतही मिळतात. ते रोखण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये एक मानक काढले, पण ते पाळणे ऐच्छिक ठेवले. अशा गर्दीत खरे लिहिणारेच गप्प राहिले तर तिचे नाव वर येणार कसे?

शेवटी एका रात्री सगळे बसलो. बायकांच्या बाजूचे लिहिले, मेमरी कार्ड आमच्यासमोर रिकामे केले तेही लिहिले. रुखसतीचे फोटो अंधारे आले होते. ते लिहावे की नाही, यावर घरात वाद झाला. भाची म्हणाली, “लिहा. ते दहा दिवस लिहिले होते म्हणूनच आपण बाकीच्यावर विश्वास ठेवला ना?”

लिहिले. दुसऱ्या दिवशी खाली तिचे उत्तर आले: “शुक्रिया खाला. रात्रीच्या फोटोंसाठी आता दुसरा फ्लॅश घेतला आहे.”