मधले पाणी विसरू नका

पवईच्या तलावापासून आरे दूध वसाहत जवळच. मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर नेण्यासाठी ती 1949 साली उभी राहिली. दूध निर्भेळ आहे ना, एवढीच आपली चौकशी असते. ते ज्या नळ्यांतून आले त्या कोणी आणि कशा धुतल्या, हे आपण कधी विचारत नाही.

हाताने धार काढली तर बादली घासून भागते. यंत्र आले की रबरी नळ्या आल्या. तिथे हात पोचत नाही, रसायनच सोडावे लागते; तेही दोन प्रकारचे. स्निग्धांश आणि प्रथिने अल्कलीने निघतात. तिच्यात पुष्कळदा जंतुनाशक म्हणून क्लोरिनचे संयुगही असते. कॅल्शियमचा पांढरट थर मात्र फॉस्फोरिक किंवा नायट्रिक अ‍ॅसिडने सुटतो. मग कोणाला तरी वाटते, दोन्ही एकदमच ओतावे, वेळ वाचेल. वाचत काहीच नाही. दोन्ही एकमेकांना निकामी करतात आणि वर विषारी क्लोरिन वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला तोच हा वायू. हवेहून सुमारे अडीचपट जड, म्हणून जमिनीलगत साचतो आणि वाकून धुणाऱ्याला आधी गाठतो.

आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असत, दोन अधिकाऱ्यांकडे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय काम होत नसे. इथे नेमके उलटे. डबे वेगळ्या फळ्यांवर, मापे वेगळी. आधी कोमट पाणी, मग अल्कली, मग स्वच्छ पाणी, नंतर अ‍ॅसिड, शेवटी पुन्हा पाणी. ते मधले पाणी हाच खरा पहारेकरी. तरीही वायू सुटलाच, तर ताबडतोब मोकळ्या हवेत जावे. डबा आवरायला परत आत शिरू नये. खोकला, छातीत जळजळ वाटली तर डॉक्टर गाठावा.

आणि हे गोठ्यापुरतेच आहे असे समजू नका. न्हाणीघरातली ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड ही तीच जोडी. डब्यावरची सूचना बहुधा बारीक इंग्रजीत असते. ती वाचणारा एक, आणि वाकून फरशी घासणारी बाई दुसरी. आज रविवार आहे, सवड आहे. तेवढी सूचना मराठीत तिला समजावून सांगा.