घनसावंगीचं जादा झेंडावंदन

सांगा पाहू, वर्षातून झेंडावंदन किती वेळा? पुण्या-मुंबईची मुलं म्हणतील, तीनदा. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मराठवाड्यातल्या घनसावंगीच्या मुलांना विचारा, ती म्हणतील, "आमच्याकडं चारदा!" मराठवाड्यात १७ सप्टेंबरलाही तिरंगा फडकतो. का बरं?

झेंड्यांबद्दल असं 'का बरं?' विचारणारं एक शास्त्रच आहे, ध्वजशास्त्र. झेंड्याचे रंग, त्यावरची खूण, तो कुणी चढवला, कुणी उतरवला, सगळ्याचा अभ्यास! अमेरिकेतल्या व्हिटनी स्मिथला लहानपणापासून झेंड्यांचं वेड. विशीच्या आसपास त्यानं गयाना देशासाठी एक झेंडा सुचवला आणि थोडे बदल होऊन तो १९६६ पासून तिथं फडकतोय. १९६७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या अशा अभ्यासकांची संस्थाच निघाली.

अशा अभ्यासकाला घनसावंगीत फार मोठा खजिना सापडेल. कारण हा भाग पूर्वी हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्याचा झेंडा पिवळा, मधोमध पांढरा गोल. तो गोल म्हणजे कुलचा, खायची रोटी! गोष्ट अशी सांगतात, की एका फकिरानं पहिल्या निजामाला कुलचे वाढले. त्यानं सात खाल्ले. फकीर म्हणाला, "तुझ्या सात पिढ्या राज्य करतील." गोष्ट खरी-खोटी कुणास ठाऊक, पण निजाम सातच झाले.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तरी निजामाच्या राज्यात तिरंग्याला बंदी होती. निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्याच दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. पुढं तेरा महिने लोक झगडले. शेवटी भारतीय सैन्य आलं आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. चौथं झेंडावंदन ते हेच. मला विचाराल, तर चारांत सगळ्यात महाग पडलेलं.

आणखी एक गंमत. तिरंग्याचं कापड कसं असावं, याचे सरकारी नियम आहेत, आणि भारतीय मानकांच्या यादीत त्यांचा क्रमांक आहे पहिला! तिरंग्याची खादी तयार होणाऱ्या देशातल्या मोजक्या ठिकाणांत आपलं नांदेडही आहे.

तेव्हा दोस्तांनो, येत्या १७ सप्टेंबरला गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी-आजोबांना गाठा. आपल्या गावात पहिला तिरंगा कुठं लागला, कुणी लावला, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा.