मोटारीची पेडले आणि आपली बैठक

मंडळी, नांगर करताना गावचा सुतार नांगरणाऱ्याकडे पाहून रुमण्याची उंची ठरवतो. जू नीट बसले नाही तर बैलाचा खांदा सुजतो, हे शेतकऱ्याच्या लहान पोरालाही ठाऊक असते. मोटारीचे तसे नाही. ती कारखान्यातून एकाच मापाची येते आणि चालवणारा कधी पाच फुटी असतो, कधी सहा फुटी. मग कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची कंबर भरून येते, कुणाच्या पोटरीत गोळा येतो. "गाडीच वाईट," असे म्हणून आपण मोकळे होतो. पण यातला बराचसा त्रास एक पैसाही न खर्चता कमी करता येतो.

आणि हा प्रश्न नुसत्या अंगदुखीचा नाही, बरं का. समजा, वळणावर अचानक वासरू आडवे आले. ब्रेक मुळापर्यंत दाबायचा आहे, पण पाय आधीच काठीसारखा ताणलेला आहे. मग जोर आणायचा कुठून? म्हणून पाय आणि पेडल यांचे जमणे हे जिवाशी निगडित आहे.

आता पेडले अशी आडनिडी का असतात, ते पाहू. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर हा क्रम काही पहिल्यापासूनचा नाही. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीत डावे पेडल गिअरचे, मधले मागे जाण्याचे आणि उजवे ब्रेकचे होते. वेग वाढवायचा तो स्टिअरिंगजवळची दांडी हाताने ओढून! आजचा क्रम १९१६ च्या एका कॅडिलॅक मोटारीत दिसला आणि १९२२ पासून 'ऑस्टिन सेव्हन' या लहान मोटारीमुळे तो पुष्कळ फैलावला. स्टिअरिंग आपल्यासारखे उजवीकडे असो की अमेरिकेसारखे डावीकडे, हा क्रम आज तोच असतो.

अडचण इथेच येते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याच्या उजव्या पायापुढेच गाडीचे पुढचे चाक असते. लहान गाडीत त्या चाकावरच्या कमानीचा फुगवटा पायांच्या जागेत घुसतो. मग तिन्ही पेडले थोडी डावीकडे सरकवावी लागतात. छाती सरळ स्टिअरिंगसमोर आणि पाय तिरके, अशी बैठक होते आणि कंबरेला पीळ पडतो. हा तिरकेपणा आपल्याला काढून टाकता येत नाही. म्हणून गाडी घेण्यापूर्वी ती नुसती पाहू नका. अर्धा तास चालवून पाय काय म्हणतात ते ऐका.

गाडी घरात आलेली असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. बहुतेक गाड्यांत पेडल हलत नाही, बैठक हलते. म्हणून आधी पाय जुळवायचे, मग पाठ, मग हात आणि शेवटी आरसे. पुष्कळजण आधी हात जुळवतात आणि पायांची आबाळ करतात.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. कंबर पार मागे टेकवून बसा. डाव्या पायाच्या चवड्याने क्लच पूर्ण दाबा. तो तळाला गेल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. पाय ताणला जात असेल तर बैठक पुढे घ्या, गुडघा स्टिअरिंगखाली अडत असेल तर मागे घ्या. मग ब्रेकही तसाच दाबून पाहा.

उंची कमी असेल तर बैठक वर उचलण्याची सोय वापरा. ती नसेल तर घट्ट, न सरकणारी उशी घ्या. बैठक उंच झाली की पेडल दूर जाते, तेव्हा पुन्हा मोजून पाहा. मग पाठीचा टेकू उभा करा. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, कारण अपघातात एअरबॅग फुगायला जागा लागते.

गाडी चालू असताना डावा पाय क्लचवर ठेवून देऊ नका. पायही दुखतो आणि क्लचही झिजतो. तो शेजारी जमिनीवर टेकवा. पातळ, सैल चप्पल पेडलवरून घसरते. टाच धरून ठेवणारे पायताण घाला.

क्लच जड लागतो किंवा फार वर आल्यावर पकडतो, असे असेल तर दोष आपल्या बैठकीचा नसेलही. केबल सुकलेली असेल, क्लचची प्लेट झिजलेली असेल. ते मिस्त्रीला दाखवा. पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले असेल तर बदला. ब्रेक मऊ लागून खोल जात असेल तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढूच नका.

आता काय करू नये ते. पेडलला लाकडाचा ठोकळा बांधू नका, ते तापवून वाकवू नका. ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा थोडा उंच असतो, तो एका पावलाखाली दोन्ही पेडले येऊ नयेत म्हणून. ती उंची सारखी करणे म्हणजे कुंपण काढून टाकणे होय. पायाखाली एकावर एक चटयाही घालू नका. २००९ साली अमेरिकेत टोयोटा कंपनीने सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत इशारा दिला होता, की सरकलेल्या चटईत ॲक्सिलरेटर अडकून राहू शकतो. चटई ती केवढीशी, पण धोका केवढा! शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. अपंग बांधवांसाठी हाताने चालणारे ब्रेक व ॲक्सिलरेटर बसवता येतात. ते परिवहन कार्यालयाच्या मान्यतेने, जाणत्या कारागिराकडूनच बसवावेत.

शिक्षक मित्रांना यात तरफेचा एक सुरेख धडा मिळेल. वरून लोंबणारे ब्रेकचे पेडल म्हणजे जणू अडकित्ताच. अडकित्त्याचा खिळा तो पेडलचा वरचा टेकू, सुपारीच्या जागी ब्रेकचा दांडा आणि हाताच्या जागी आपला पाय. सुपारी खिळ्याजवळ आणि हात दूर असला की थोड्या जोरात ती फुटते. पेडलही खालच्या टोकाशी, चवड्याने दाबले की कमी जोर लागतो. गुडघा फार दुमडून, मग पाय पूर्ण ताणून आणि शेवटी थोडा बाक ठेवून भिंत रेटायला मुलांना सांगा. जोर कुठे साधतो ते त्यांचे तेच सांगतील.

एकाच गाडीवर घरातली दोन-तीन माणसे हात चालवत असतील, तर प्रत्येकाने बसताना आपली बैठक नव्याने जुळवावी. त्याला मिनिटभरही लागत नाही, आणि ब्रेकला जोर हवा त्या क्षणी तो पायात असतो.