प्रोटॉनच्या पोटांतील त्रिकूट

मीठ घातलेलें डाळीचें पाणी उतूं जाऊन शेगडीच्या निळ्या ज्योतीवर पडलें कीं ज्योत क्षणभर पिवळी होते, हें गृहिणींना ठाऊकच आहे. मिठांतील सोडियमच्या परमाणूंतला एक इलेक्ट्रॉन उष्णतेनें वरच्या पायरीवर चढतो व खालीं उतरतांना पिवळा प्रकाश टाकतो. परमाणूला असे चढउतार आहेत, कारण त्याला अवयव आहेत. ज्याच्या पोटांत कांहींच नाहीं, त्यांत हलणार तरी काय? परमाणुगर्भांतील प्रोटॉन अखंड आहे कीं सावयव, हें ठरविण्यासही हाच तर्क उपयोगीं पडला.

इ. स. १९५२ मध्यें शिकागो येथें एन्रिको फर्मी व त्यांचे सहकारी पायॉन नामक कणांचा झोत हायड्रोजनवर सोडीत होते. हायड्रोजनचा गर्भ म्हणजे एकटा प्रोटॉन. पायॉनांची ऊर्जा वाढवीत नेली तसें त्यांचें विखुरणें भराभर वाढूं लागलें. पुढें एका विशिष्ट ऊर्जेपाशीं तें शिगेस पोहोंचून ओसरतें, असें दिसून आलें. त्या शिखरापाशीं क्षणमात्र एक जड कण जन्मास येतो. त्याला डेल्टा म्हणतात. प्रोटॉनचें वस्तुमान ऊर्जेच्या मापांत ९३८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर डेल्टाचें सुमारें १२३२. त्याच्या आयुष्याला क्षण म्हणणेंही अतिशयोक्तीचें होय! एकावर तेवीस शून्यें देऊन होणाऱ्या संख्येनें सेकंदाला भागावें. येणाऱ्या भागाच्या जेमतेम निम्म्या काळांत तो फुटून जातो.

हा निराळा कण, कीं प्रोटॉनचेंच चेतलेलें रूप? १९६४ सालीं मरे गेल-मान व जॉर्ज झ्वाइग यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, असें मांडलें कीं प्रोटॉन, न्यूट्रॉन व त्यांच्या कुळांतील सर्व बेरियॉन हे तीन-तीन क्वार्कांचे बनले आहेत. अप क्वार्कचा विद्युद्भार अधिक दोन-तृतीयांश, डाऊनचा उणा एक-तृतीयांश. दोन अप व एक डाऊन मिळून एक भाराचा प्रोटॉन होतो. एक अप व दोन डाऊन मिळून भारहीन न्यूट्रॉन. डेल्टाच्या एका प्रकारांत प्रोटॉनचेच तीन क्वार्क आहेत. भेद एवढाच कीं प्रोटॉनमध्यें दोघांची गिरकी एका दिशेची व तिसऱ्याची उलट, तर डेल्टांत तिघांचीही एकाच दिशेची. केवळ एवढ्या फेरानें वस्तुमान जवळजवळ एक-तृतीयांशानें वाढतें!

पण डेल्टाचा दुसरा एक प्रकार या कल्पनेच्या जिवावरच बेतला होता. त्याचा भार दोन. म्हणजे तिन्ही क्वार्क अप, तिघांची गिरकी सारखी, आणि तिघेही सर्वांत खालच्या पायरीवर. पाउलींच्या नियमाप्रमाणें अगदीं एकसारखे असे दोन कणही एका जागीं नांदूं शकत नाहींत; येथें तर तीन! १९६४ मध्यें ग्रीनबर्ग यांनीं आणि १९६५ मध्यें हान व नांबु यांनीं यांतून वाट काढली: क्वार्कांना आणखी एक गुण असून त्याचे तीन प्रकार आहेत, व त्रिकूटांतील प्रत्येकाचा प्रकार निराळा. या गुणास पुढें ‘रंग’ म्हणूं लागले. नांव फसवें आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. असो. अडचणींतून सुटण्याची युक्ति वाटलेला हाच गुण क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बलाचें मूळ ठरला.

तथापि हिशेब पुरा मिटलेला नाहीं. १९६४ मध्येंच डेव्हिड रोपर यांना प्रोटॉनची सुमारें १४४० वस्तुमानाची आणखी एक चेतलेली अवस्था आढळली. त्रिकूटाच्या साध्या गणितानें ती याहून बरीच जड यावयास हवी होती. शिवाय तेंच गणित जितक्या अवस्था सांगतें, तितक्या प्रयोगांत सांपडत नाहींत. कोणी म्हणतात, तिघांपैकीं दोघे जोडीनेंच वावरतात, म्हणून अवस्था कमी. कोणी म्हणतात, त्या आहेत; परंतु पायॉनांच्या माऱ्यानें त्या सहसा उमटतच नाहींत. या दुसऱ्या पक्षाला थोडें बळ मिळालें आहे. अमेरिकेंत व्हर्जिनियांतील जेफर्सन प्रयोगशाळेंत व जर्मनींत बॉन येथें पायॉनांऐवजीं प्रकाशकणांचा मारा केला, तेव्हां हरवलेल्यांपैकीं कांहीं अवस्थांचा माग लागला. बाकीच्या अद्याप कागदावरच आहेत.