अननस, हुर्राक आणि मोजपात्र

एप्रिल संपत आला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. मानकुरादच्या डझनाचा भाव विचारून पुढे सरकणारी माणसं, बारीक चणीचे गावठी अननस, चिरून ठेवलेली कलिंगडं, कोकमाची सोलं, कैऱ्या, करवंदं. याच दिवसांत गावोगावच्या काजूच्या भट्ट्यांवरून हुर्राकही येतो. उन्हाळी फळं आणि फळापासूनच निघालेलं मद्य असे हातात हात घालून येतात, आणि त्यातून गोव्यातल्या घरगुती मेजवानीचा एक सोपा प्रकार तयार होतो: मद्यात मुरवलेल्या फळांच्या फोडी. चूल जवळजवळ लागतच नाही. सुरी, वाडगं, फ्रिज आणि एक मोजपात्र असलं की भागतं.

हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची पहिली वाफ. काजू हे झाडच मुळात बाहेरचं. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ते ब्राझीलमधून आणलं आणि कोकणच्या जांभ्या मातीत ते कायमचं रुजलं. फेणीसाठी बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलीच वेचतात. बिया पिळून वेगळ्या केल्या की बोंडं तुडवून किंवा दाबून रस काढतात. दोन-तीन दिवसांत तो रस आपोआप आंबतो. मग तो भट्टीवर चढतो, आणि पहिल्या उकळीत जो द्रव हाती येतो तो हुर्राक. त्यात मद्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास असतं. हाच हुर्राक पुन्हा भट्टीवर चढवला की फेणी होते. बाटलीबंद फेणीवर बहुधा ४२.८ टक्के असा आकडा छापलेला दिसतो. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेणी वर्षानुवर्षं टिकते. हुर्राक मात्र हंगामाचा पाहुणा. फेब्रुवारीच्या अखेरीस तो येतो आणि मे संपेपर्यंत निरोप घेतो.

गोव्यात हुर्राक पिण्याची रीत ठरलेली आहे: लिंबाचा सोडा किंवा लिम्का, मधोमध चिरलेली हिरवी मिरची, मिठाची चिमूट. फळांच्या ताटाची चवही याच तीन गोष्टींवर बेतलेली असते. आंबट, तिखट, खारट, आणि मागून बोंडांचा तो ओळखीचा, किंचित उग्र वास.

बार्देशातल्या एका घरी अशा ताटाची तयारी दुपारीच सुरू होते. पाहुणे येणार संध्याकाळी सातला. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मध्यम आकाराचा अननस, सोलून, डोळे काढून, चौकोनी फोडी केलेला. तराजूवर फोडी भरल्या अर्धा किलो. मोजल्या तर चाळीसच्या आसपास. भाचीने बाटली उघडायला घेतली तशी मावशीने तिला थांबवलं.

"थांब गो. आधी साखर घाल, पाणी सुटू दे."

"पण मावशी, अननस गोडच आहे की."

"गोडीसाठी नाही. फोडीला जागा करायला."

दोन चमचे साखर आणि पाव चमचा मीठ फोडींवर भुरभुरलं. पंधरा मिनिटांत वाडग्याच्या तळाशी पिवळा रस जमला. साखर आणि मीठ फोडींच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढतात, फोड थोडी मऊ पडते. मग वरून ओतलेलं मद्य त्या रसात मिसळून हळूहळू आत शिरतं. कोरड्या, घट्ट फोडींवर थेट ओतलं तर बराच वेळ ते वरवरच राहतं. जिभेला आधी मद्य लागतं आणि मग अननस. पाणी सुटलेल्या फोडीत दोन्ही एकदम लागतात.

मग १५० मिली हुर्राक, मोजपात्राने. एका लिंबाचा रस, दोन उभ्या चिरलेल्या मिरच्या, झाकण, आणि वाडगं थेट फ्रिजमध्ये. चार तास पुरतात.

फ्रिज इथे सोयीपुरता नाही. दारूत घातलं म्हणजे फळ टिकलं, हा समज सर्रास आढळतो. वर्षभर रममध्ये ठेवलेल्या मनुका खरोखर टिकतात, कारण मनुका कोरड्या असतात आणि रम कडक. ताज्या अननसात मात्र ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असतं. १५ टक्क्यांचा हुर्राक त्या पाण्यात पसरला की सगळं मिळून मद्य जेमतेम ४ टक्के उरतं. मे महिन्याच्या उकाड्यात एवढ्या मद्याला यीस्ट दाद देत नाही. बाहेर ठेवलेलं वाडगं काही तासांत फसफसायला लागतं. म्हणून ही फळं मुरतात ती थंडीत, आणि संपवायची त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

द्राक्षांची गोष्ट वेगळी. त्यांच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. पावसाचं पाणीही त्यावरून ओघळून जातं, तर वाइनची काय कथा. प्रत्येक द्राक्षाला दातकोरणीने तीन-चार ठिकाणी टोचावं लागतं. काम कंटाळवाणं, पण टाळता येत नाही. नाशिकची बिनबियांची द्राक्षं एप्रिलपर्यंत बाजारात असतात. टोचलेली द्राक्षं नाशिकच्याच पांढऱ्या वाइनमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची, सकाळी निथळून ताटात एकेरी पसरायची आणि फ्रीझरमध्ये ढकलायची. चार तासांनी ती बाहेरून बर्फासारखी कडक होतात, पण आतला साखर-मद्याचा गर पुरता गोठत नाही. दाताखाली पातळ कवच फुटतं आणि आत थंडगार, दाट रस लागतो. वाढण्याआधी पिठीसाखरेत घोळवली की झालं.

कलिंगडाच्या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध युक्ती सर्वांत कुचकामी ठरते. अख्ख्या कलिंगडाला भोक पाडून त्यात व्होडकाची बाटली उपडी खोचायची, ही ती युक्ती. कलिंगडात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असल्याने मद्य शोषून घ्यायला फारशी जागाच नसते. बाटलीच्या तोंडाशी गर भिजतो, कडेच्या फोडी कोऱ्या राहतात. कोणाला एका घासात पेग मिळतो, कोणाला नुसतं कलिंगड. त्यापेक्षा बिया काढून चौकोनी तुकडे करावेत, पसरट ताटात एकेरी मांडावेत आणि वाढण्याच्या वीस मिनिटं आधी चमच्याने हुर्राक शिंपडावा. वर मीठ, लिंबू, मिरपूड. बार्देशातलं पर्रा गाव एके काळी मोठमोठ्या कलिंगडांसाठी ओळखलं जायचं. तसलं घट्ट, रवाळ गराचं कलिंगड मिळालं तर तुकडे आकार सोडत नाहीत.

बोंडूही या ताटात शोभतो, पण त्याला नीट ओळखावं लागतं. त्यातल्या टॅनिनमुळे घसा धरतो. कोकणातली मुलं बोंडाच्या फोडींना मीठ लावून खातात ते त्यासाठीच. मिठाने तुरटपणा बराच दबतो. पातळ चकत्या, मीठ, दहा मिनिटांनी पाणी टाकून द्यायचं, मग हुर्राकाचे चार थेंब. ज्या फळाचं मद्य, तेच फळ त्याच्यासोबत. सिंधुदुर्गात काजूच्या बागांखाली या बोंडांचे ढीग सडताना दिसतात. सीमेपलीकडे त्याच बोंडांवर घराघराचा उन्हाळा उभा असतो, हे पाहिलं की त्या वाया जाणाऱ्या फळाबद्दल जीव हळहळतो.

ताटातला रंगीत भाग म्हणजे जेली. मद्याची जेली ही आजकालची टूम वाटते, पण जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरच्या १८६२ साली छापल्या गेलेल्या पुस्तकातही पंचच्या जेलीची कृती आहे, आणि ती जपून खावी असा इशाराही. त्या काळची जेली जिलेटिनची. गोव्यातल्या उन्हाळी फळांशी मात्र जिलेटिनचं जमत नाही. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं, आणि जिलेटिन हे प्रथिनच. कितीही वेळ फ्रिजमध्ये ठेवा, अननसाची जेली पातळच राहते. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनतं, त्यात तोडण्याजोगं प्रथिन नाही. शिवाय ते शाकाहारी, आणि एकदा घट्ट झालं की उन्हाळ्यातल्या खोलीतही वितळत नाही.

कृती थोडक्यात अशी. ३५० मिली पाण्यात ५ ग्रॅम चायना ग्रासची पूड दोन मिनिटं उकळायची. आच बंद करायची. मग १०० मिली कोकम सरबताचा पाक, आणि हात लावण्याइतपत कोमट व्हायच्या आधीच ५० मिली फेणी. क्रम महत्त्वाचा आहे. कोकमाच्या आंबटात चायना ग्रास उकळलं तर त्याची पकड सैल होते. मद्य ७८ अंशांना उकळतं, म्हणून उकळत्या पातेल्यात ओतलेली फेणी वाफेबरोबर वास घेऊन जाते. शिवाय पेटत्या शेगडीजवळ ती धोक्याचीही. उलट फार वाट पाहिली तर चाळिसेक अंशांवर चायना ग्रास थिजायला लागतं आणि फेणी नीट मिसळत नाही. तळाशी अननसाच्या फोडी पसरलेल्या ताटलीत हे मिश्रण ओतायचं. तासाभराने गर्द लाल, काचेसारखे चोवीस चौकोन कापून होतात.

शेवटी आंब्याच्या कांड्या. मानकुराद महाग, म्हणून फार पिकलेले, डाग पडलेले आंबे इथे कामी येतात. ४०० ग्रॅम रस आणि १०० मिली हुर्राक, म्हणजे सगळं मिळून ३ टक्के मद्य. घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांत कांडी घट्ट होते. हुर्राकाऐवजी तेवढीच फेणी घातली तर प्रमाण साडेआठ टक्क्यांवर जातं, आणि साखर नि मद्य मिळून पाण्याला नीट गोठू देत नाहीत. काडी ओढली की हातात काडीच येते, आंबा साच्यात राहतो.

फळात मद्य घालण्याची हौस जुनी आहे. केरळात तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापूंनी १८८३ मध्ये ख्रिसमसचा केक केला तेव्हा ब्रँडीऐवजी काजूची बोंडं आणि केळी यांपासून केलेलं गावठी मद्य वापरलं, असं सांगितलं जातं. म्हणजे बोंडाच्या मद्यात फळं घालायची कल्पना किनाऱ्यावर तेव्हाही कोणाला तरी सुचली होती.

आता मोजपात्राकडे. गोड, थंड फळात मद्याची चव दबते आणि हात आपसूक पुन्हा ताटाकडे जातो. म्हणून हिशेब आधीच झालेला बरा. ३० मिलीच्या छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. अननसाच्या वाडग्यात १५० मिली हुर्राक पडला, त्यात १८ ग्रॅम. चाळीस फोडींनी सगळा शोषला असं धरलं तरी एका फोडीत अर्धा ग्रॅमही नाही. वीस-बावीस फोडी म्हणजे एक पेग. तेवढीच फेणी ओतली असती तर आठ फोडींतच पेग झाला असता, आणि गप्पांच्या ओघात आठ फोडी कधी संपतात ते कळतही नाही. जेलीच्या एका चौकोनात पाऊण ग्रॅमहून कमी. हे आकडे मावशीच्या फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेले आहेत, आणि पाहुणे आले की ती ते सांगते. आपण काय खातोय आणि किती, हे पाहुण्याला कळणं हा आदरातिथ्याचाच भाग आहे, असं ती मानते.

मुलांचं ताट वेगळ्या रंगाचं आणि वेगळ्या टेबलावर. त्यात तीच फळं असतात, फक्त हुर्राकाच्या जागी निरो, म्हणजे बोंडांचा ताजा, न आंबलेला रस. तो काढल्यापासून थोड्याच तासांत आंबायला लागतो, म्हणून सकाळी आणून दुपारी संपवायचा. गाडी चालवणारे, औषधं चालू असलेले, न पिणारे यांनाही तेच ताट, आणि तेही तितकंच निगुतीने सजवलेलं. हुर्राक नेहमी परवानाधारक भट्टीवरचाच. कुठे काढला ते ठाऊक नसलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घरात येत नाही. महाराष्ट्रात हे ताट करणाऱ्यांना हुर्राक सहसा मिळत नाही; तिथे पांढरी रम किंवा वाइन चालते, आणि मद्य बाळगण्याचा परवाना जवळ लागतो.

जूनमध्ये पाऊस लागला की हुर्राक संपतो, पण वाडगं रिकामं राहत नाही. तेव्हा कापा फणसाचे गरे येतात. घट्ट, कुरकुरीत गरे आठळी काढून उभे चिरायचे. १५० मिली हुर्राकाऐवजी ५० मिली फेणी आणि १०० मिली शहाळ्याचं पाणी घ्यायचं. मद्याचा हिशेब जवळजवळ तोच राहतो. साखर नको, फणसात ती भरपूर असते. मीठ आणि लिंबू मात्र हवंच, आणि मुरायला सहा तास.