पात्रयोजना व अभिनयपुरस्कार, चित्रपटातील

चित्रपटातील निरनिराळ्या भूमिकांसाठी नटनटींची निवड करण्याच्या क्रियेस पात्रयोजना असे म्हणतात. त्या भूमिका वठविण्यातील गुणवत्तेबद्दल शासन, व्यावसायिक संघटना वा नियतकालिके यांच्याकडून जो गौरव केला जातो, तो अभिनयपुरस्कार होय. ह्या दोन विषयांचा विचार सामान्यतः स्वतंत्रपणे केला जातो. तथापि अमुक नटास पुरस्कार मिळाला तो योग्य की अयोग्य, याविषयी रसिकांत जे वाद झडतात, ते नीट तपासल्यास बहुधा पात्रयोजनेचेच वाद असल्याचे दिसते.

याचे कारण माध्यमाच्या स्वरूपात आहे. रंगभूमीवर भूमिका ही नटापेक्षा दीर्घायुषी असते. वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’ नाटकातील अप्पासाहेब बेलवलकर २३ डिसेंबर १९७० रोजी प्रथम श्रीराम लागू (१९२७–२०१९) यांनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी आदी नटांनी तीच भूमिका केली आणि प्रेक्षकांना एकाच संहितेवर भिन्न नटांची तुलना करता आली. लागूंचा बेलवलकर थोर की भटांचा, हा वाद मराठी नाट्यरसिकांनी दीर्घकाळ चवीने घातला. चित्रपटात अशी सोय नसते. तेथे भूमिका एकाच देहाला कायमची चिकटते. म्हणून चित्रपटरसिकांची तुलना दुसऱ्या नटाने काय केले याकडे न जाता, दुसरा नट असता तर काय झाले असते, ह्या कल्पनेकडे वळते. याच नाटकावरून महेश मांजरेकर यांनी काढलेला चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला, तेव्हा नाना पाटेकर यांच्या बेलवलकरांची तुलना झाली ती चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या रंगमंचीय प्रयोगांच्या स्मृतीशी. शिवाय मित्राच्या भूमिकेतील विक्रम गोखले यांनी नायकावर मात केली काय, असा आणखी एक वाद निघाला.

दुसरे असे की, चित्रपटातील अभिनय हा पूर्णतः नटाच्या हातचा नसतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखविला आणि प्रेक्षकांनी त्यात भूक, शोक असे निरनिराळे भाव वाचले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. छायालेखन, संकलन व पार्श्वसंगीत यांतून जे शिल्लक राहते, त्यातही चेहरेपट्टी, बांधा व आवाज हे नटाने कमावलेले नसून दिग्दर्शकाने निवडलेले असतात.

भारतात पात्रयोजनेचा प्रश्न आरंभी केवळ उपलब्धतेचा होता. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) साठी दादासाहेब फाळके यांना एकही स्त्री मिळाली नाही; उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी तारामतीची भूमिका केली. ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये तर राम व सीता ह्या दोन्ही भूमिका साळुंके यांच्याच होत्या. बोलपट आल्यावर आवाज व गाणे यांना महत्त्व आले. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मध्ये हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या संगीतज्ञाची निवड व्हावी, यात नवल नाही. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे (१९०५–९१) यांच्यासारखी प्रतिष्ठित कुटुंबातील सुशिक्षित स्त्री आली, ही मात्र त्या काळी सामाजिक दृष्ट्याही मोठी घटना होती.

पात्रयोजनेचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण ‘संत तुकाराम’ (१९३६) हे होय. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ह्या चित्रपटासाठी विष्णुपंत पागनीस (१८९२–१९४३) यांची निवड झाली. पागनीस हे संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. त्या भूमिकांनी अंगात मुरलेला मार्दवाचा भाव तुकारामाच्या भूमिकेस बाधक ठरेल, अशी शंका प्रत्यक्ष ‘प्रभात’ मध्येच घेण्यात आली होती. घडले ते उलट. जो दोष वाटला होता, तोच पडद्यावर विरक्ताचा मृदुपणा ठरला. समोर गौरी यांची जिजाई होती. संसाराचा गाडा ओढणारी, तोंडाळ व मनाने निर्मळ अशी ही जिजाई किरकोळ भूमिकांतून वर आलेल्या अभिनेत्रीने इतक्या रोखठोकपणे उभी केली की, अनेक जाणकार आजही तिला पागनिसांच्या तुकारामापेक्षा वरचे स्थान देतात. प्रस्तुत लेखकाचे मतही तसेच आहे. परंतु ती जिजाई त्या तुकारामाशेजारी उभी राहिल्यानेच इतकी उठून दिसते, हेही मान्य केले पाहिजे. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात हा चित्रपट नावाजला गेला. आज घरोघरी दिसणारी तुकारामांची तसबीर पुष्कळशी पागनिसांच्या मुद्रेवरून उतरलेली आहे. असा मान कोणत्याही पुरस्काराने दिला नसता. तेव्हा आपल्याकडे अभिनयपुरस्कारही नव्हते.

अमेरिकेत अकादमी पुरस्कार (ऑस्कर) १९२९ पासून दिले जाऊ लागले व साहाय्यक भूमिकांसाठी स्वतंत्र पुरस्कार १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. वादही त्यांच्याबरोबरच आले. ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’ (१९३४) मधील भूमिकेसाठी बेटी डेव्हिस यांचे नामांकन झाले नाही, तेव्हा इतका गवगवा झाला की, मतदारांना यादीबाहेरचे नाव लिहिण्याची मुभा द्यावी लागली. तरीही पुरस्कार त्यांना मिळाला तो पुढल्या वर्षी, तुलनेने सामान्य अशा ‘डेंजरस’ साठी. हुकलेल्या पुरस्काराची अशी भरपाई पुढे अनेकदा झाली आणि त्यामुळे दुसऱ्याच कुणाचा तरी हक्क डावलला गेला. ‘गोइंग माय वे’ (१९४४) मधील एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्सजेरल्ड यांचे नामांकन प्रमुख व साहाय्यक अशा दोन्ही विभागांत झाले. त्यानंतर एका भूमिकेस एकच विभाग, असा नियम करण्यात आला. जॉर्ज सी. स्कॉट (‘पॅटन’, १९७०) व मार्लन ब्रँडो (‘द गॉडफादर’, १९७२) यांनी पुरस्कार नाकारले.

प्रमुख कोण व साहाय्यक कोण, हा तंटा आपल्याकडेही झाला. ‘फिल्मफेअर’ नियतकालिकाने १९५४ साली पुरस्कार सुरू केले. पुढल्याच वर्षी साहाय्यक अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार उषा किरण यांना ‘बादबान’ साठी मिळाला. ‘देवदास’ (१९५५) मधील चंद्रमुखीच्या भूमिकेसाठी वैजयंतीमाला यांना तोच पुरस्कार देऊ केला असता, आपली भूमिका पार्वतीच्या तोलाची आहे असे सांगून त्यांनी तो नाकारला. त्यांचे म्हणणे तर्कदृष्ट्या बिनतोड होते. मराठीत ‘सामना’ (१९७५) हा असाच कूट प्रश्न आहे. श्रीराम लागू यांचा व्यसनाधीन, ध्येयवादी मास्तर नायक मानावा, की निळू फुले (१९३०–२००९) यांचा साखरसम्राट हिंदुराव? विजय तेंडुलकरांची पटकथा दोघांनाही एकमेकांवाचून उभे राहू देत नाही. एकाला पारितोषिक देऊन दुसऱ्याला वगळणे म्हणजे तराजूचे एक पारडे काढून दुसऱ्याचे वजन करणे होय.

राष्ट्रीय पुरस्कारांची कथा निराळी. १९५४ साली ते सुरू झाले तेव्हा गौरव चित्रपटाचा होई, नटाचा नव्हे. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) ला मिळाले. त्यातील वनमाला यांच्या आईला मात्र स्वतंत्र पारितोषिक मिळण्याची तरतूदच नव्हती. १९६७ च्या चित्रपटांपासून अभिनयासाठी ‘भरत’ व ‘उर्वशी’ असे पुरस्कार ठेवण्यात आले. त्यांचे पहिले मानकरी उत्तमकुमार व नर्गिस हे होत. साहाय्यक भूमिकांची दखल १९८४ पासून घेतली जाऊ लागली. त्यातील अभिनेत्रीचा पहिला पुरस्कार ‘पार्टी’ साठी रोहिणी हट्टंगडी यांना लाभला. स्मिता पाटील (१९५५–८६) यांना ‘भूमिका’ (१९७७) व ‘चक्र’ (१९८०) ह्या हिंदी चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मराठी चित्रपटांतील भूमिकांना असा मान विशेषेकरून २००८ नंतरच्या काळात मिळाला. ‘जोगवा’ साठी उपेंद्र लिमये, ‘बाबू बँड बाजा’ साठी मिताली जगताप, ‘देऊळ’ साठी गिरीश कुलकर्णी, ‘धग’ साठी उषा जाधव आणि ‘अनुमती’ साठी विक्रम गोखले हे त्यांपैकी होत.

आवाज व बोली : पुरस्कारांच्या चर्चेत ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, तो घटक म्हणजे वाणी. ‘माय फेअर लेडी’ ह्या संगीतिकेतील एलायझा १९५६ पासून रंगमंचावर ज्यूली अँड्र्यूज यांनी गाजविली होती. परंतु १९६४ च्या चित्रपटात ती भूमिका ऑड्री हेपबर्न यांना देण्यात आली व बहुतेक गाण्यांसाठी मार्नी निक्सन यांचा आवाज वापरला गेला. हेपबर्न यांचे नामांकनही झाले नाही आणि त्या वर्षीचा पुरस्कार ‘मेरी पॉपिन्स’ साठी अँड्र्यूज यांना मिळाला. मूळच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाचे पु. ल. देशपांडेकृत रूपांतर ‘ती फुलराणी’ (१९७५) ज्यांनी पाहिले आहे, त्यांना भक्ती बर्वे यांच्या मंजुळेत बोलीचा वाटा किती होता, हे सांगावयास नको. आपल्याकडे पार्श्वगायनाची प्रथा सर्वमान्य आहे. दुसऱ्याच्या गळ्यावर ओठ हलविणाऱ्या नटास पुरस्कार देताना कोणीही अडखळत नाही. संवादाचा आवाज उसना असला, तर मात्र लगेच आक्षेप येतो. ही विसंगती सवयीने आपल्या अंगवळणी पडली आहे.

परमुलुखाची बोली बोलणाऱ्या पात्रासाठी नट कोठला घ्यावा, हा प्रश्न याहून बिकट आहे. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) मधील अमेरिकन दक्षिणेच्या नायिकेसाठी व्हिव्हियन ली ह्या इंग्रज अभिनेत्रीची निवड झाली, तेव्हा दाक्षिणात्यांनी कुरकुर केली. चित्रपट पाहिल्यावर ती विरली. ‘द गुड अर्थ’ (१९३७) ची गोष्ट इतकी सुखाची नाही. त्यात चिनी शेतकरी स्त्रीची भूमिका लुइझे राइनर यांनी केली व त्यांना अकादमी पुरस्कारही मिळाला. पण चिनी वंशाच्या ॲना मे वाँग यांचा त्या भूमिकेसाठी विचार झाला नाही. पुरस्कार ज्या स्पर्धेत दिला गेला, त्या स्पर्धेत उतरण्याचीच संधी वाँग यांना नव्हती.

मराठीत ह्या प्रश्नाचे स्वरूप वांशिक नसून प्रादेशिक आहे. मराठी चित्रपटाची मोठी निर्मितिकेंद्रे कोल्हापूर, पुणे व मुंबई ही होत. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यास गेली. तमाशापट कोल्हापूरच्या परिसरात वाढला. परिणामी पडद्यावरील ‘ग्रामीण मराठी’ म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडची बोली, असे समीकरण रूढ झाले. वऱ्हाड (अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ) ह्या व्यवहारापासून दूर राहिले. वितरणाच्या दृष्टीनेही विदर्भ मुंबई विभागात न मोडता ‘सी. पी. बेरार’ ह्या विभागात मोडतो. ब्रिटिश अमदानीतील मध्य प्रांत व वऱ्हाड नाहीसे झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले; चित्रपटव्यापारात मात्र ते जुने नाव टिकून राहिले. अमरावती हे वितरकांचे एक महत्त्वाचे ठाणे. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत असलेल्या शेंदूरजनाघाटसारख्या संत्र्यांच्या पेठेत मराठी प्रेक्षक आहे, पण त्याची ‘मले-तुले’ ची, ‘डोळा’ चा ‘डोया’ करणारी बोली पडद्यावर क्वचितच गंभीरपणे ऐकू आली.

ह्या दृष्टीने ‘देवकीनंदन गोपाला’ (१९७७) चे महत्त्व मोठे आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेमहाराज (१८७६–१९५६) हा त्याचा विषय. दिग्दर्शक राजदत्त हे त्याच जिल्ह्यातील धामणगावचे. मुख्य भूमिका मात्र साताऱ्यात जन्मलेल्या श्रीराम लागू यांची. महाराजांच्या निधनास तेव्हा अवघी एकवीस वर्षे झाली होती आणि त्यांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेले हजारो लोक हयात होते. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे येथे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन तर ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. समोरच्याला प्रश्न विचारीत, त्याच्याच तोंडून उत्तर काढीत चालणारी ती वऱ्हाडी वाणी आणि बेलवलकरांची नाट्यमय, काव्यात्म भाषा यांत जमीन-अस्मानाचे अंतर. पागनिसांना तुकाराम पाहिलेला प्रेक्षक नव्हता. लागूंपुढे गाडगेबाबा पाहिलेला प्रेक्षक होता. आपली विवेकवादी भूमिका उघडपणे मांडणाऱ्या नटाने संताची भूमिका करावी, हेही अनेकांना विचित्र वाटे. परंतु गाडगेबाबांची शिकवण नवससायास, पशुबळी व अस्पृश्यता यांविरुद्ध होती, हे ध्यानी घेतल्यास ही निवड तितकी विसंगत राहत नाही. वऱ्हाडी कानाला लागूंचे काही उच्चार परके वाटतात हे खरे. पण बोली हुबेहूब साधणारा आणि बाबांचा आतला कळवळा न साधणारा नट निवडला असता तर चित्रपटास लाभ झाला असता, असे म्हणता येत नाही.

यानंतर सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) ने विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या कुटुंबाची कथा तेथील बोलीत मांडली. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी व ज्योती सुभाष हे त्यातील प्रमुख कलावंत विदर्भाबाहेरचे असले, तरी त्यांनी बोली विनोदासाठी न वापरता दैनंदिन व्यवहाराची भाषा म्हणून वापरली. एरवी वऱ्हाडी पात्र म्हणजे हशा पिकविणारे पात्र, अशीच समजूत आहे. २०१४ पासून दूरचित्रवाणीवर गाजलेल्या ‘चला हवा येऊ द्या’ मध्ये भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी ढंग महाराष्ट्रभर पोहोचविला, तोही विनोदाच्याच मार्गाने. महाराष्ट्र राज्य चित्रपट पुरस्कारांत विनोदी भूमिकेसाठी दामूअण्णा मालवणकर यांच्या नावाने स्वतंत्र पारितोषिक असते. पडद्यावर बोली केवळ हशापुरतीच येत राहिल्यास ती बोलणाऱ्या नटाचा विचार त्याच एका विभागात होत राहतो.

पात्रयोजना ही स्वतंत्र कला आहे, ही गोष्ट अलीकडे पुरस्कारसंस्थाही मानू लागल्या आहेत. ब्रिटिश अकादमीने (बाफ्टा) २०२० पासून तिच्यासाठी वेगळा पुरस्कार ठेवला. अमेरिकन अकादमीने तसाच पुरस्कार २०२५ च्या चित्रपटांपासून देण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. बर्लिन महोत्सवाने २०२१ पासून अभिनेता-अभिनेत्री हा भेदच काढून टाकला असून तेथे आता केवळ प्रमुख भूमिका व साहाय्यक भूमिका असे दोन पुरस्कार दिले जातात. म्हणजे स्त्री-पुरुष ही वाटणी गेली, परंतु वैजयंतीमाला यांनी ज्या वाटणीवर बोट ठेवले होते ती मात्र कायम आहे.