कात्री लागलेली स्लिंग

तैलबैल्याच्या पायथ्याशी एका पडवीत सतरंजीवर चढाईचं सामान पसरलं होतं. सामान तपासणाऱ्या दादांनी एक निळी स्लिंग उचलली, बोटांतून फिरवली, दिव्याखाली धरली आणि कात्रीनं मधोमध कापली. मला ती धडधाकट वाटत होती. तिच्यावरचा 22 किलोन्यूटनचा आकडा, म्हणजे सुमारे सव्वादोन टन, स्वच्छ वाचता येत होता.

"टाक्यांजवळ केस निघालेत, कडकही झालीय," ते म्हणाले. "अख्खी टाकली तर कुणीतरी उचलून वापरेल."

सह्याद्रीतल्या चढायांच्या लेखांत दोर येतो, मेखा येतात. दोर आणि मेख यांना जोडणाऱ्या या पट्टीबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. म्हणून मला ही रात्र पाहायची होती.

निवड लांबीपासून सुरू झाली. उद्या पुढं चढणाऱ्या मुलीनं छोटे क्विकड्रॉ, म्हणजे दोन कड्यांमधले आखूड जोड, भराभर अडकवायला घेतले. दादांनी निम्मे काढून 60 आणि 120 सेंटिमीटरच्या स्लिंगा दिल्या. भिंतीवरची वाट कधी सरळ जात नाही. प्रत्येक रनर, म्हणजे मेख आणि दोर यांच्यातला दुवा, आखूड ठेवला की दोर नागमोडी होतो, कातळावर घासतो, वर ओढताना हात भरून येतात. फटीत बसवलेला नटही दोराच्या ओढीनं उचकटू शकतो. लांब रनरनं दोर सरळ राहतो. मात्र पडलात तर थोडं जास्त खाली जाता. हा हिशेब प्रत्येक मेखेपाशी नव्यानं करावा लागतो.

मग नायलॉन की डायनिमा? डायनिमा बारीक, हलकी, पाणी न पिणारी. बोटभर रुंद नायलॉनइतकीच तिचीही ताकद 22. पण ती साधारण 150 अंशांच्या आतच वितळते, नायलॉन 200 च्या पुढंही टिकतं. डायनिमा निसरडी असल्यानं गाठ नीट धरत नाही, आणि गाठीनं ताकद निम्म्यावर येऊ शकते. शिवाय ती जवळजवळ ताणलीच जात नाही. स्टेशनला, म्हणजे थांब्यावरच्या पक्क्या आधाराला, नुसत्या स्लिंगनं बांधून घेऊन वर सरकलात आणि निसटलात, तर धक्का गिळायला मध्ये दोर नसतो. अशा पडण्याच्या चाचण्यांत गाठ मारलेल्या डायनिमा स्लिंगा तुटल्या आहेत. दादांचा कल उघड होता: रनरला डायनिमा, स्वतःला बांधायला दोरच. ऐकल्यावर मलाही दुसरं पटेना.

हिमालयात गणित बदलतं. भिजलेलं नायलॉन रात्री गोठून काठीसारखं ताठ होतं. तिथं डायनिमाच बरी. बर्फ ठिसूळ असेल तर आइस स्क्रूला टाके उसवत धक्का जिरवणाऱ्या स्लिंगा लावतात.

मुलीनं विचारलं, "दादा, उतरताना वर आधीच्यांनी सोडलेल्या स्लिंगा असतीलच की?"

"असतील. उन्हानं पांढऱ्या पडलेल्या. त्यांच्यावरही कधीकाळी 22 च लिहिलं होतं," ते म्हणाले. त्यांनी नव्या नायलॉन पट्टीचे दोन तुकडे कापले, टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद केली आणि तिच्या पिशवीत टाकले. "जुन्या काढायच्या, या बांधायच्या. गाठीबाहेर चार बोटं शेपूट ठेव."

तुकडे वर सोडून यायचे होते. वहीत त्यांनी ते खर्ची टाकले.